लोणारचा उलटा डोंगर

मे महिन्यात लोणारला जायचा बेत माझाच होता. बहीण आणि दाजी पुण्याहून आदल्याच दिवशी आले होते. पहाटे पाचला निघायचे ठरले. पण चहा, पोहे, आवराआवर यात आठ वाजले. सरोवराच्या काठावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि डोळ्यांपुढे ऊन लखलखत होते. बहिणीचे गुडघे दुखतात, म्हणून ती वरच गोमुखाच्या सावलीत बसली. दाजी, एक स्थानिक वाटाड्या मुलगा आणि मी खाली उतरलो. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. औषधांची पिशवी मात्र गाडीतच राहिली. तीस वर्षे सरकारी रुग्णालयात काढलेल्या डॉक्टरची ही तयारी!

बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावरून पाण्यापर्यंतचा उतार शंभर मीटरहून अधिक. पाणी खारट आणि इतके अल्कधर्मी की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव सापडले. उन्हाने पाणी आटले, क्षार दाट झाले आणि हे जीव फोफावले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

उतरताना मजा वाटली. मोर ओरडत होते, झाडीत वानरे होती. दाजी भराभर चालत होते. वय चौसष्ट, रोज सकाळी पर्वतीला जाणारा माणूस. पण पर्वती आणि लोणार यांत एक मोठा फरक आहे. डोंगरावर आपण आधी, थंड वेळी चढतो आणि थकल्यावर उतरतो. लोणार म्हणजे उलटा डोंगर. इथे ताजेतवाने असताना उतरतो आणि सगळी चढण भर दुपारी, दमलेल्या पायांसाठी शिल्लक राहते.

कमळजादेवीच्या मंदिरापासून थोडे पुढे गेलो आणि दाजींच्या गप्पा बंद झाल्या. मग ते वाटाड्यावर उगाच खेकसले. एरवी ते कोणाला मोठ्या आवाजातही बोलत नाहीत. मी मनगट धरले. नाडी मिनिटाला एकशे चोवीस. अंग घामाने निथळत होते, पोटऱ्यांत गोळे आले होते, मळमळत होते.

"दाजी, आज वार कोणता?"

"शनिवार... नाही, रविवार. परीक्षा घेतोस का माझी?"

मला जरा धीर आला. मग जो प्रश्न मी वर काठावरच विचारायला हवा होता, तो विचारला. "बीपीची गोळी घेतली सकाळी?"

"तुझ्या बहिणीनं दिली की. ती लघवीची."

चालताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती शरीराबाहेर टाकण्याचा उन्हातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळायला हवा; नुसता ओघळून गेला तर उपयोग नाही. विवराच्या तळाशी वारा पडलेला असतो, पाणी आणि झाडीमुळे दमटपणा असतो, तापलेले खडकही उष्णता फेकत असतात. त्यात दाजी पुण्याहून आलेले. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यांना एकच रात्र मिळाली होती. वर लघवी वाढवणारी गोळी. घामात क्षारांपेक्षा पाणी जास्त जाते, त्यामुळे उरलेले रक्त दाट होत जाते. आटत्या सरोवरासारखेच.

त्यांना मंदिराच्या सावलीत आणले, आडवे केले, पाय उंच ठेवले. शर्टाची बटणे सोडली, उपरणे भिजवून अंगावर टाकले आणि वाटाड्या टोपीने वारा घालू लागला. पाणी संपत आले होते. देवीला आलेल्या गावातल्या बायकांनी आपली कळशी पुढे केली. प्रसादाची साखर आणि भाकरीच्या फडक्यातले मीठही दिले. मी ते पाण्यात कालवून दाजींना घोट घोट पाजले.

साखर-मिठाचे पाणी हा घरगुती टोटका नव्हे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य जीव वाचवले. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण ध्यानात ठेवा. मीठ जास्त नको.

तासाभरात नाडी शंभरच्या खाली आली. तरीही आम्ही पाच वाजेपर्यंत हललो नाही. काठाची सावली उतारावर पसरल्यावर, दर पन्नास पावलांवर थांबत वर आलो. बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

दाजींना झाला तो उष्णतेचा थकवा. याच वाटेने पुढे उष्माघात आहे, आणि त्यात जीव जातो. घाम थांबण्याची वाट पाहू नका. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. खरी खूण मेंदूची आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

उन्हाळ्यात सरोवर, किल्ला, लेणी जरूर पाहा. पण सूर्य उगवताना चालायला लागा आणि दहाच्या आत परत या. माणशी किमान दोन लिटर पाणी आणि ओआरएसच्या पुड्या गाडीत नव्हे, पाठीवर ठेवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाची औषधे चालू असतील, तर ती स्वतःहून बंद करू नका. सहलीआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि सोबत्यांना आधीच विचारा, सकाळी कोणती गोळी घेतली? मी हा प्रश्न रोज बाह्यरुग्ण विभागात विचारतो. त्या दिवशी घरच्या माणसाला विचारायचा राहिला.