पृथिवीषेण, दुसरा
(कार. सु. ४७०–९०). वाकाटक घराण्याच्या नंदिवर्धन–प्रवरपूर शाखेचा अखेरचा ज्ञात राजा. नरेंद्रसेन व कुंतलाची राजकन्या अज्झितभट्टारिका यांचा पुत्र. नल राजांनी घेतलेला विदर्भाचा प्रदेश परत जिंकणारा म्हणून तो ओळखला जातो.

त्याचा आजा दुसरा प्रवरसेन याच्या कारकीर्दीत सांप्रतचा वर्धा जिल्हा या राज्याच्या अंतर्भागात मोडत होता. प्रवरसेनाचे ताम्रपट हिंगणघाट तालुक्यातील जांब आणि जुन्या आर्वी तालुक्यातील बेलोरा येथे सापडले आहेत. त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. विनोबा भावे यांच्या आश्रमाच्या जागी जुनी शिल्पे मिळाली. मिराशींनी ती रामकथेतील मानली. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये तेथे उत्खनन केले. पुढे रामटेकजवळील मनसर येथे प्रवरेश्वराचे नाव असलेली मुद्रा मिळाल्यामुळे प्रवरपूर तेथेच असावे, असे मानणारा पक्षही पुढे आला.

नरेंद्रसेनाच्या उत्तरकाळी बस्तर–कोरापुट भागातील नल राजा भवदत्तवर्मा याने विदर्भावर स्वारी केली. तिचा पुरावा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे (पुढे महानुभावांचे क्षेत्र झालेले गाव) मिळालेल्या ताम्रपटात आहे. हे नलांचे दानपत्र नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेले आहे. वाकाटकांच्या जुन्या राजधानीतून शत्रूने जमिनी दान द्याव्यात, यावरून आपत्तीची खोली कळते. नंदिवर्धन पूर्वेस आणि रिद्धपूर वर्धा नदीपलीकडे पश्चिमेस. तेव्हा दोहोंमधील वर्धेचा मुलूखही काही काळ नलांकडे गेला असावा.

सेल्युसिड राजा तिसरा अँटायओकस याने गमावलेले पूर्वेकडील प्रांत परत मिळविण्यासाठी इ. स. पू. २१२–२०५ मध्ये मोहीम केली. पॉलिबियसने तिचा वृत्तांत लिहिला. पृथिवीषेणास असा इतिहासकार लाभला नाही. त्याच्या मोहिमेची साक्ष मुख्यतः बालाघाट येथील ताम्रपटातील एका विशेषणात आहे : दोनदा बुडालेल्या वंशाचा उद्धार करणारा. हा ताम्रपटही अपुराच राहिला. त्यात वंशावळ आहे, दानाचा तपशील नाही. लढाया कोठे झाल्या, सेनापती कोण होते, यांविषयी तो मौन पाळतो. मात्र ओरिसातील पोडागढ येथील शिलालेखात भवदत्ताचा पुत्र स्कंदवर्मा याने ओस पडलेली पुष्करी नगरी पुन्हा वसविल्याचे म्हटले आहे. ती वाकाटकांच्या प्रतिहल्ल्यात उद्ध्वस्त झाली, असा तर्क अनेकांनी केला असून तो स्वीकारार्ह वाटतो. तसे असल्यास पृथिवीषेण केवळ विदर्भ सोडवून थांबला नाही.

दुसरे संकट कोणते, याबद्दल मतभेद आहे. काहींच्या मते ते दक्षिण गुजरातच्या त्रैकूटकांचे, तर काहींच्या मते वत्सगुल्म (वाशिम) शाखेच्या हरिषेणाचे आक्रमण होय. मध्य प्रदेशातील नाचना व गंज येथील लेखांत व्याघ्रदेव स्वतःस वाकाटक पृथिवीषेणाचा अंकित म्हणवितो. हा पृथिवीषेण दुसराच असेल, तर त्याचा अंमल बुंदेलखंडापर्यंत पोहोचला होता.

माहुरझरी (जि. नागपूर) येथील ताम्रपट त्याच्या १७ व्या राज्यवर्षाचा आहे. त्यानंतर या शाखेच्या कोणत्याही राजाचा उल्लेख आढळत नाही. विदर्भाचा हा भाग हरिषेणाच्या राज्यात समाविष्ट झाला असावा.