बिनतारी साधनांचें पुनर्मीलन

पावसाळ्यांत वीज जाते, घटकाभरानें परत येते, आणि संगणक पुन्हां सुरू करावा तों पडद्यावर परवलीचा शब्द मागणारी चौकट उभी राहते. बिनतारी कीबोर्डाच्या कळा कितीही दाबा, एक अक्षर उमटत नाहीं. माउस हालवा, बाण जागचा ढळत नाहीं. आमच्या गोखिवऱ्यास काय किंवा अन्यत्र काय, एकत्र कुटुंबांत आजोबांचा पत्रव्यवहार, सुनेचें कचेरीचें काम आणि नातवंडांचा अभ्यास हीं सारीं एकाच संगणकावर चालत असतां असा खोळंबा सर्वांसच भोंवतो. म्हणून या साधनांची ओळख कशी पटते व कां तुटते, हें घरांतील प्रत्येकानें जाणून घेणें इष्ट आहे.

हीं साधनें दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारांत नखाएवढा डोंगल यूएसबीच्या खोबणींत बसवितात. येथें ओळख त्या डोंगलांतच सांठविलेली असते. संगणकास तो तारेचाच कीबोर्ड वाटतो, व म्हणून यंत्र सुरू होतांच तो काम देतो. दुसरा प्रकार ब्लूटूथचा. हें नांव दहाव्या शतकांतील हॅराल्ड या डेन्मार्कच्या राजाच्या टोपणनांवावरून १९९७ सालीं इंटेलच्या जिम कारडॅक यांनीं सुचविलें. त्या राजानें विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणिल्या, तद्वत् हें तंत्र भिन्न यंत्रांस एकत्र आणील, अशी त्यामागील कल्पना. यांत ओळखीची नोंद संगणकाच्या कार्यप्रणालींत असते. ती प्रणाली जागी झाल्याविना साधन जोडलें जात नाहीं.

प्रथम जोडणी करितांना दोन्हीं यंत्रें एक गुप्त खूण ठरवून आपापल्या ठिकाणीं जतन करितात. पुढें कळ दाबतांच साधन संगणकास हाक मारतें, संगणक खूण ताडून पाहतो, आणि ती जुळली कीं संबंध पुन्हां प्रस्थापित होतो. शाकुंतलांत मुद्रिका हरविल्यामुळें ओळख पटली नाहीं. येथेंही तसेंच होतें. भेद इतकाच कीं, तेथें कोळ्यास मुद्रिका सांपडली. येथें हरविलेली खूण नवीनच करावी लागते.

आतां उपाय क्रमानें पाहूं. आरंभीं साधनाची बॅटरी तपासावी. साधनावर १, २, ३ असें निवडीचें बटण असल्यास तें दुसऱ्याच यंत्राकडे वळलेलें नाहीं ना, हें पाहावें. विंडोजमध्यें ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ब्लूटूथच्या नोंदींत ‘पॉवर मॅनेजमेंट’ हें पान असल्यास, वीज वांचविण्यासाठीं तें बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाकावी. निजलेल्यास हाक ऐकूं येत नाहीं. लिनक्समध्यें साधनास ‘ट्रस्ट’ ही मान्यता द्यावी, आणि ब्लूटूथच्या ‘मेन.कॉन्फ’ फाइलींत ‘ऑटोएनेबल’ हें ‘ट्रू’ आहे कीं नाहीं तें पाहावें. एकाच यंत्रावर या दोन्हीं प्रणाली असल्यास घोटाळा हटकून होतो: यंत्राचा पत्ता एकच, परंतु खुणा निराळ्या. दुसरीकडे जोडणी केली कीं पहिलीकडील खूण निरुपयोगी ठरते. अशा वेळीं यादींतून साधनाचें नांव काढून जोडणी नव्यानें करावी.

टेबलावरील संगणकाचा एक दोष विशेष ध्यानांत ठेवावा. त्याच्या पाठीमागें वाय-फाय व ब्लूटूथ यांची आकाशिका मळसूत्रानें बसवावयाची असते. ती पुष्कळदां खोक्यांतच पडून राहते, आणि लोखंडी पेटीमुळें लहरी क्षीण होतात. शिवाय हीं साधनें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलतात, व यूएसबी ३.० च्या खोबणींतून त्याच पट्ट्यांत गोंगाट उठतो, हें इंटेलनें २०१२ सालीं दाखविलें आहे. यास्तव डोंगल लहानशा जोडतारेनें त्या खोबणीपासून दूर ठेवावा.

सोयीबरोबर सावधपणाही हवा. अनेक कंपन्यांचे डोंगल कूटबद्ध न केलेले कळसंदेशही स्वीकारतात, असें बॅस्टिलच्या संशोधकांनीं २०१६ सालीं उघडकीस आणिलें; ब्लूटूथमध्येंही तत्सम दोष २०२३ सालीं आढळला. भिंतीस भिंत लागलेल्या इमारतींत परका मनुष्य लहरींच्या टप्प्यांत सहज येतो. तेव्हां प्रणालीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं घ्याव्या, आणि अनोळखी साधनाची जोडणी कदापि मान्य करूं नये.

एवढें करूनही कपाटांत एक साधा तारेचा कीबोर्ड व माउस ठेवावाच. प्रणाली जागी होण्यापूर्वींच्या पडद्यावर ब्लूटूथचा कीबोर्ड बहुधा चालत नाहीं. आणि केलेले उपाय वहींत लिहून ठेवावे. घरांतील जाणता नातू परगांवीं गेला, एवढ्याच कारणानें आजीचें पुत्राशीं होणारें साप्ताहिक बोलणें खोळंबूं नये.