एनिअग्राम म्हणजे काय? राधिका सुभेदारच्या स्वभावावरून समजून घेऊया



मालिका बघताना आपण सगळेच थोडेफार मानसशास्त्रज्ञ असतो. "ही अशी का वागते?", "हा काही सुधारणार नाही" असं आपण सहज बोलून जातो. आपल्याकडे भाऊबीजेनंतर मंडई भरते, रात्रभर नाटक होतं आणि दुसऱ्या दिवशी धान कापता कापता बायामाणसं त्या नाटकातल्या सासूचा स्वभाव सोलून काढतात. हेच काम आज जरा शिस्तीत करून पाहू. साधन आहे एनिअग्राम आणि पात्र आहे 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका. झी मराठीवर ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ अशी साडेचार वर्षं ही मालिका चालली. अनिता दाते यांनी राधिका केली, अभिजीत खांडकेकर यांनी तिचा नवरा गुरुनाथ. राधिका मूळची नागपूरची, त्यामुळे आपल्या मोहाडी-तुमसर भागात तिच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी. नागपूरची लेक म्हणजे शेजारचीच लेक ना!

एनिअग्राम समजून घेऊया

ग्रीक भाषेत 'एनिआ' म्हणजे नऊ आणि 'ग्रामा' म्हणजे लिहिलेलं, रेखाटलेलं. एक वर्तुळ काढायचं आणि त्याच्या कडेवर सारख्या अंतराने नऊ बिंदू घ्यायचे. हे चिन्ह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुर्जिएफ नावाच्या गुरूने शिकवायला घेतलं. पण स्वभावाचे नऊ प्रकार त्याने सांगितले नव्हते. ते काम पुढे बोलिव्हियाचे ऑस्कर इचाझो आणि चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लॉडिओ नारान्हो यांनी १९७० च्या आसपास केलं.

नऊ प्रकार थोडक्यात असे. पहिला सुधारक, दुसरा मदतनीस, तिसरा यशाच्या मागे धावणारा, चौथा आपलं वेगळेपण जपणारा, पाचवा दुरून निरीक्षण करणारा, सहावा निष्ठावंत पण सतत शंकेत असलेला, सातवा मौजेचा भुकेला, आठवा भिडणारा आणि नववा भांडण टाळणारा.

हे बिंदू आतून रेषांनी जोडलेले असतात, आणि इथे गणित शिकवणाऱ्यांसाठी एक गंमत आहे. १ ला ७ ने भागून बघा. ०.१४२८५७१४२८५७… असं उत्तर येतं, तेच सहा अंक पुन्हा पुन्हा. एनिअग्राममध्ये बिंदूही याच क्रमाने जोडतात: १, ४, २, ८, ५, ७ आणि परत १. या भागाकारात ३, ६, ९ कधीच येत नाहीत, म्हणून त्यांचा वेगळा त्रिकोण होतो. दशांश अपूर्णांक झाल्यावर फळ्यावर काढून दाखवा, पोरं खूश होतात. (यावरून माणसाचा स्वभाव कसा काय ठरतो, हे मात्र मला विचारू नका.)

रेषांचा अर्थ असा सांगतात की, ताण आला की माणूस एका रेषेने दुसऱ्या बिंदूकडे सरकतो आणि मन स्थिर असलं की दुसऱ्या रेषेने वेगळ्या बिंदूकडे. दुसऱ्या प्रकारची व्यक्ती ताणात आठव्यासारखी वागते, आणि स्वतःला सापडली की चौथ्यासारखी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रत्येक प्रकाराला एक दोषही जोडलेला आहे. आपण लहानपणापासून षड्रिपू ऐकतो, त्यातले काही इथे जसेच्या तसे भेटतात. पहिल्याचा क्रोध, चौथ्याचा मत्सर, पाचव्याचा लोभ. आणि दुसऱ्याचा, म्हणजे सगळ्यांना मदत करत फिरणाऱ्याचा दोष कोणता? मद! म्हणजे गर्व. ऐकायला विचित्र वाटतं, पण "माझ्याशिवाय यांचं कसं होईल?" हे वाक्य एकदा मनात म्हणून पाहा. त्यातली काळजी लगेच कळते, गर्व जरा उशिरा कळतो.

वागणं नको, कारण बघा

एनिअग्राममधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. समजा शेजारणीच्या घरी कोणी आजारी आहे आणि चार बाया डबा घेऊन गेल्या. चौघींचं काम एकच. पण एक गेली कारण तसं करणं योग्य आहे (पहिला प्रकार). दुसरी गेली कारण कोणाला आपली गरज आहे यातच तिला आपलं मोल वाटतं (दुसरा). तिसरी गेली, उद्या आपल्यावर वेळ आली तर कोणी असावं म्हणून (सहावा). चौथी गेली, नाही गेलो तर लोक बोलतील आणि मग वाद होईल म्हणून (नववा). डबा पाहून प्रकार कळत नाही.

म्हणूनच 'श्यामची आई' मधली आई आणि राधिका, दोघीही घरासाठी राबणाऱ्या असल्या तरी मला त्या एका प्रकारात बसत नाहीत. श्यामच्या आईचं प्रेम सतत योग्य-अयोग्याच्या रेषेवर उभं असतं. पोहायला घाबरणाऱ्या लेकाला ती मायेने पोटाशी धरत नाही, फोकाने मारून विहिरीवर पाठवते. तो पहिला प्रकार. राधिकाची माया आधी पोट भरते, बरोबर-चूक नंतर.

राधिका: दुसरा प्रकार

मालिकेच्या सुरुवातीची राधिका आठवा. नवरा, मुलगा अथर्व, सासूसासरे, शेजारीपाजारी, सगळ्यांचं सगळं तिच्या हातून. तिला स्वतःला काय हवं, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. तीही विचारत नाही. दुसऱ्या प्रकारची हीच खूण. दुसऱ्याची भूक चटकन ओळखता येते, स्वतःची नाही.

मग नवऱ्याचं शनायाशी असलेलं प्रकरण उघड होतं. इथे बरेच प्रेक्षक चिडायचे की ही सोडून का देत नाही त्याला? दुसऱ्या प्रकाराच्या दृष्टीने पाहिलं तर उत्तर सापडतं. जिच्या मनात 'मी यांची' हीच स्वतःची ओळख आहे, तिच्यासाठी नातं सोडणं म्हणजे नुसता नवरा सोडणं नाही, आपली ओळखही सोडणं. म्हणून ती त्याला वठणीवर आणायला निघते. आणि तेव्हा मघाची रेषा दिसते, दोनकडून आठकडे. गोड बोलणारी बाई समोरासमोर भिडते, डाव टाकते, सूत्रं हातात घेते. कुटुंबासाठी गप्प राहणारी बाई एकदा उसळली की लोक म्हणतात, "ही अशी नव्हती." अशीच होती, तिला कोणी विचारलं नव्हतं.

मसाल्याचा व्यवसाय हा मला या पात्राचा सगळ्यात चांगला भाग वाटतो. ज्या हाताने फुकट वाटलं त्याच हाताने तिने किंमत लावली. कला तीच, पण आता देणं आणि घेणं दोन्ही आलं. पुढे सौमित्रशी लग्न करताना तर 'मला काय हवं' हा प्रश्न ती उघडपणे स्वतःला विचारते. चौथ्याकडे जाणारी रेषा म्हणायची ती हीच. बाकी शेवटची एक-दोन वर्षं पात्राच्या स्वभावापेक्षा मालिका लांबवण्याच्या गरजेने कथा चालली, असं माझं मत. तिथे एनिअग्राम लावण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. राधिकाची 'काहून', 'बाप्पा' वाली बोली. शनाया आणि गुरुनाथ तिला गावंढळ समजतात. दोन, तीन आणि चार हे तिन्ही प्रकार 'हृदयाचे' मानतात आणि त्यांच्या तळाशी लाज असते असं म्हणतात. गुरुनाथ मला तिसरा वाटतो. लोकांपुढे आपण कसे दिसतो हेच त्याचं सगळं, म्हणून त्याला बायकोच्या बोलण्याची लाज. कोणी त्याला सातवा म्हणेल, मौजेसाठी धावतो म्हणून. पण पकडला गेला की तो मौज नाही, आब वाचवतो. मौजेची सातवी शनाया. राधिका मात्र सगळ्यांसाठी सगळं बदलते, बोली बदलत नाही. आमच्या पहिलीच्या वर्गात झाडीबोलीत घडाघडा बोलणारी पोरं 'शुद्ध बोल' म्हटलं की गप्प बसतात. ती शांतता तुम्हीही ऐकली असेल.

वर्गात वापरायचं का?

पात्रांवर जरूर वापरा, मुलांवर नको. मानसशास्त्रात एनिअग्रामला भक्कम संशोधनाचा आधार मानला जात नाही. विचार करायला ही खिडकी चांगली आहे, पण मोजपट्टी म्हणून उपयोगाची नाही. आणि धोका खरा आहे. प्रत्येक वर्गात एक मुलगी असते जी फळा पुसते, लहान्यांचे डबे उघडून देते, पोषण आहाराच्या वेळी शेवटी जेवते. आपण वर्णनात्मक नोंदीत 'सहकार्याची भावना उत्तम' लिहितो आणि पुढचं कामही तिलाच सांगतो. तिला 'मदतनीस स्वभावाची' असं नाव दिलं की तिने कधी नाही म्हणायचा रस्ताच बंद. घरी भावंडं सांभाळून आलेली असते ती बहुतेक वेळा. त्या नोंदीत तिला काय आवडतं, हे एक वाक्य तिला विचारून लिहा.

भाषेच्या तासाला 'स्वभाववैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला मुलं प्रेमळ, कष्टाळू, शूर असे शब्द पाठ करून लिहितात. त्याऐवजी पाठातल्या कोणत्याही पात्राबद्दल तीन प्रश्न विचारून बघा. त्याने काय केलं? का केलं असेल? त्याच कामासाठी दुसऱ्या कोणाचं कारण वेगळं असू शकतं का? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, त्यामुळे एका तासिकेत पहिले दोन घ्या आणि तिसरा घरून विचार करून आणायला सांगा. उत्तर कोणत्याही बोलीत चालेल, हे आधीच सांगून ठेवा.