सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट: फी भरण्याआधी काय बघायचं आणि मोबाईलवर तयारी कशी करायची?

मी मोहाडीचा. आमच्या तालुक्यात वरठीला स्टीलचा कारखाना आहे, आजूबाजूला राईस मिल आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमा करून क्वालिटीच्या कामाला लागलेल्या पोरांना ‘सिक्स सिग्मा करून घे’ हा सल्ला हमखास मिळतो. मग मोबाईलवर सर्च केलं की जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. कुणी दोन तासांत बेल्ट देतो, कुणी शंभर टक्के पास करण्याची हमी. पैसे कष्टाचे असतात, म्हणून आधी नीट समजून घेऊ.

सिक्स सिग्मा म्हणजे काय?

1986 मध्ये मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ या इंजिनिअरने ही पद्धत मांडली. कामातला चढउतार मोजायचा, त्याचं कारण शोधायचं आणि चुका कमी करायच्या, एवढंच तिचं सार. दहा लाख संधींमागे 3.4 पेक्षा जास्त चुका नकोत, हे तिचं प्रसिद्ध लक्ष्य.

‘मुंबईच्या डबेवाल्यांना फोर्ब्सने सिक्स सिग्मा सर्टिफिकेट दिलं’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. खरं असं आहे की फोर्ब्सने 1998 मध्ये त्यांच्यावर लेख छापला होता. मासिक कुणाला सिक्स सिग्मा सर्टिफिकेट देत नाही, आणि लेख लिहिणाऱ्या पत्रकारानेही पुढे तसं स्पष्ट केलं. डबेवाल्यांचं काम अफाट आहेच, त्याला या कागदाची गरज नाही. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. ग्रीन बेल्ट हा परीक्षा देणाऱ्या माणसाला मिळतो आणि जगात सगळ्यांवर नियंत्रण ठेवणारी एकच संस्था नाही. म्हणून सर्टिफिकेट कोण देतंय, यावरच त्याची किंमत ठरते.

कोणती परीक्षा?

- एएसक्यू: अमेरिकेतली जुनी संस्था. ग्रीन बेल्टसाठी 3 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. 110 प्रश्न असतात, त्यातले 100 गुणांसाठी धरतात. परीक्षा ओपन बुक आहे. अनुभव नसेल तर यलो बेल्टपासून सुरुवात करता येते.
- आयएएसएससी: अनुभवाची अट नाही. 100 प्रश्न, 3 तास, पुस्तक जवळ ठेवता येत नाही.
- भारतीय सांख्यिकी संस्था: 1931 मध्ये महालनोबिस यांनी स्थापन केलेली. तिचे विभाग ग्रीन बेल्टचं प्रशिक्षण घेतात.

नियम आणि फी बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्या संस्थेच्या वेबसाईटवरच बघा. सर्टिफिकेटवरचा नंबर ऑनलाईन तपासता येतो का, हेही विचारा. आणि ज्या कंपनीत जायचंय, तिच्या जाहिरातीत कोणत्या संस्थेचं नाव आहे ते आधी वाचा.

पाच पायऱ्या, राईस मिलच्या उदाहरणातून

परीक्षेचा कणा म्हणजे डीमॅक: डिफाईन, मेजर, अ‍ॅनालाईझ, इम्प्रूव्ह, कंट्रोल. मी या पायऱ्या पाठ न करता आपल्याकडच्या कनकीवर, म्हणजे तुटलेल्या तांदळावर, बसवल्या.

1. डिफाईन: ‘तांदूळ खराब येतो’ ही तक्रार झाली. ‘या महिन्यात कनकी ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली’ हा प्रश्न झाला.
2. मेजर: प्रत्येक लॉटचा नमुना घेऊन कनकी तोलायची. पण तोच नमुना दोघांनी तोलला तर आकडा सारखा येतो का? मोजमापच चुकीचं असेल तर पुढचं सगळं वाया.
3. अ‍ॅनालाईझ: धानातली ओल, रबर रोलमधलं अंतर, धानाची जात. यातलं खरं कारण आकड्यांवरून शोधायचं, अंदाजाने नाही.
4. इम्प्रूव्ह: छोट्या लॉटवर एक बदल करून बघायचा.
5. कंट्रोल: चार्ट लावायचा. आकडा बाहेर गेला तर कोण काय करणार, हे लिहून ठेवायचं.

एक गणित करून बघू

समजा 500 पोती तपासली. प्रत्येकात चार गोष्टी बघितल्या: वजन, शिलाई, लेबल, फाटलंय का. एकूण 23 चुका सापडल्या. 500 गुणिले 4 म्हणजे 2000 संधी. 23 भागिले 2000, गुणिले दहा लाख. उत्तर 11,500. हाच डीपीएमओ. सिग्मा पातळी साधारण 3.8 येते. चुका 23 म्हणजे थोड्याच वाटतात ना? पण 3.4 च्या शेजारी ठेवून बघा.

अजून एक जागा जिथे बरेच जण अडकतात. कंट्रोल लिमिट आपल्याच प्रक्रियेच्या आकड्यांतून निघते, स्पेसिफिकेशन लिमिट ग्राहक ठरवतो. प्रक्रिया अगदी स्थिर असूनही ग्राहकाच्या मर्यादेबाहेरचा माल देऊ शकते. हे डोक्यात पक्कं बसलं की अनेक प्रश्न सोपे होतात.

मोबाईल कसा वापरायचा?

- संस्थेचा अधिकृत अभ्यासक्रम डाऊनलोड करा आणि त्यावरच टिकमार्क करत जा.
- गुगल शीट्समध्ये रोजचे 20-25 खरे आकडे भरून सरासरी आणि प्रमाण विचलन काढा.
- सूत्रांचे फोटो काढून वेगळा अल्बम करा, प्रवासात उजळणी होते.
- लाईट आणि नेटचा भरवसा नसतो, म्हणून व्हिडिओ वायफायवर आधीच सेव्ह करून ठेवा.
- सराव परीक्षा मात्र वेळ लावून, कागदावर आणि साध्या कॅल्क्युलेटरवरच द्या. परीक्षेत फोन जवळ ठेवता येत नाही.

शेवटचं सांगतो. मुलाखतीत बेल्टचा रंग एकदाच विचारतात, त्यानंतरचा प्रश्न असतो ‘तुम्ही काय सुधारलं?’ त्याचं उत्तर द्यायला स्वतःच्या कामातला एखादा छोटा प्रोजेक्ट, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा हाताशी असू द्या. तो प्रोजेक्ट सुरू करायला फी लागत नाही, आजपासूनच मोजायला लागा.