नकाशावर न दिसणारी बोडी

तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याजवळचा चांदपूर तलाव आता कुणालाही मोबाइलवर तपासता येतो. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने १९८४ पासूनच्या लँडसॅट उपग्रहचित्रांवरून जगभरच्या भूपृष्ठावरील पाण्याचा नकाशा तयार करून तो सर्वांसाठी खुला ठेवला आहे. बोटाने सरकवत सिहोऱ्यापर्यंत यावे आणि मोठा करून पाहावे. जिथे वर्षभर पाणी असते तो भाग गडद निळा आणि जिथे काही महिनेच असते तो फिकट जांभळा, गुलाबी. एका कळीवर पाणी नव्याने कुठे आले ते दिसते, दुसरीवर कुठून नाहीसे झाले ते.

त्याच नकाशात गावाशेजारची अर्ध्या एकराची बोडी शोधायला गेले, तर बहुधा हाती काही लागत नाही.

कारण साधे आहे. हा नकाशा ३० मीटर बाजूच्या चौकोनांनी बनलेला आहे. एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर. अर्धा एकर म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दोन चौकोन. तेही बोडीच्या कडेशी नेमके जुळत नाहीत, अर्धे पाळीवर पडतात आणि अर्धे धानाच्या बांधीत. त्यात बोडीवर बेशरम माजली असेल तर उपग्रहाला वरून हिरवळ दिसते, खालचे पाणी दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात. ढग सरले की रोवणी झालेल्या बांध्यांमध्येही पाणी चमकते आणि शेत कोणते, तळे कोणते हे यंत्राला उमगत नाही. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात ही चूक वारंवार होऊ शकते.

एरवी या चुकीने कुणाचे फारसे बिघडले नसते. पण कोणती जमीन, कोणते पाणी आधी वाचवायचे, हे ठरवण्यासाठी आता जगभर असेच नकाशे वापरले जातात.

अपघात विभागात एकाच वेळी चाळीस जखमी आले, तर डॉक्टर पहिल्यांदा सर्वांत जोरात ओरडणाऱ्याकडे जात नाही. आता उपचार केला तर कोण वाचेल, कोण तासभर थांबू शकेल, कुणासाठी काही करण्यासारखे उरलेले नाही, अशी वर्गवारी तो करतो. वैद्यकात तिला ट्रायज म्हणतात. निसर्गसंवर्धनातही पैसा, माणसे आणि वेळ अपुरे असल्याने हेच करावे लागते. संगणकावर एकावर एक थर ठेवतात: जंगल, पाणी, वन्यप्राण्यांच्या वाटा, रस्ते, वस्त्या, खाणी. प्रत्येक थराला महत्त्वाप्रमाणे गुण द्यायचे. मग कमीत कमी जागेत आणि कमीत कमी नुकसानीत जास्तीत जास्त काय वाचेल, हे गणित यंत्र सोडवते. गुण बदलले की पडद्यावरचे रंगही बदलतात.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळक्षेत्राची २००४ मध्ये फेरआखणी झाली, तेव्हा अशा संगणकीय पद्धतीची मदत घेतली गेली. मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांच्याही खाली होते, ते ३३ टक्क्यांवर गेले. मात्र यंत्राने दिलेली आखणी जशीच्या तशी लागू झाली नाही. मच्छीमारांकडून हजारो सूचना आल्या आणि सीमारेषा बऱ्याच ठिकाणी सरकल्या.

आपल्याकडे अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह २०११ मध्ये पूर्ण केला. त्यात एकूण ७,५७,०६० पाणथळ जागा मोजल्या गेल्या. यांपैकी ५,५५,५५७ जागा २.२५ हेक्टरपेक्षा लहान आहेत. नकाशात त्यांचा आकार काढलेला नाही, फक्त ठिपका आहे. नकाशाचे प्रमाण ५०,००० ला १ असे. त्या प्रमाणात २.२५ हेक्टर म्हणजे कागदावर तीन मिलिमीटर बाजूचा चौकोन. याहून लहान काही काढणे अवघड, म्हणून तिथे रेघ ओढली गेली. पाणी, मासे किंवा माणसे यांच्याशी त्या रेघेचा काही संबंध नाही.

पण रेघ एकदा पडली की ती कायद्यातही शिरते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचे निर्देश दिले. हा आकडा त्याच संग्रहातला, २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या जागांचा आहे. त्याच वर्षीच्या पाणथळ जागा नियमांनी आणखी एक चाळणी लावली. खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेली तळी व्याख्येतून वगळली गेली. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी मामा तलाव, बांधले गेले तेच मुळी धानाला पाणी देण्यासाठी. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तलावांचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख, तिथले कित्येक तलाव नियमांच्या भाषेत पाणथळ जागाच ठरत नाहीत, हे चमत्कारिक आहे. झुडपी जंगलाचीही अशीच तऱ्हा होती. महसुली कागदावर नुसती झुडपे असलेली हलकी जमीन, प्रत्यक्षात गुरांचे चराऊ रान. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनींना वनजमीन मानले. जागेवरचे झाड तेच राहिले, नकाशातला रंग मात्र बदलला.

एवढ्याशा बोडीसाठी आरोग्याच्या सदरात इतकी शाई का खर्चावी? त्याचे उत्तर ताटात आहे. ढीवर समाजाचे पोट या पाण्यावर चालते. शिंगाडा, बोटभर लांबीचे गावठी मासे बोडीतून निघतात. लहान मासे काट्यासकट खाल्ले जातात, त्यामुळे प्रथिनांबरोबर कॅल्शियमही पोटात जाते. भातावर जगणाऱ्या घरात, विशेषतः गरोदर बाई आणि वाढत्या मुलांसाठी, ही किरकोळ गोष्ट नाही. बोडीत पाणी मुरले तर आजूबाजूच्या विहिरींनाही त्याचा आधार मिळतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पूर्व विदर्भात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार पसरवणारे क्युलेक्स डास धानाच्या पाण्यात आणि वनस्पती माजलेल्या साचलेल्या पाण्यात वाढतात. त्याचा विषाणू डुकरे आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांमध्ये वावरतो. म्हणजे आरोग्याचा थर नकाशात घातला की प्रत्येक पाणथळ जागेचे गुण आपोआप वाढतीलच असे नाही. अळ्या खाणारे मासे असलेली स्वच्छ बोडी आणि गाळ, बेशरम व सांडपाण्याने भरलेली बोडी उपग्रहाला सारखीच दिसू शकते. आरोग्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जागा आहेत. हा फरक काठावर उभे राहूनच कळतो.

नकाशाचा वैद्यकातला सर्वांत गाजलेला दाखला जॉन स्नो यांचा. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकी पसरली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचे पाणी त्याला कारणीभूत असल्याचे त्यांनी दाखवले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. ठिपक्यांचा तो प्रसिद्ध नकाशा मात्र त्यानंतरचा. आधी स्नो दारोदार फिरले होते. पंपाजवळच एक बिअरचा कारखाना होता आणि तिथले कामगार जवळपास सुखरूप होते. नुसता नकाशा पाहणाऱ्याने या कोऱ्या जागेमुळे पंपाला निर्दोष ठरवले असते. स्नो यांनी विचारले तेव्हा कळले, की कामगारांना बिअर फुकट मिळत होती आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती.

कोऱ्या जागेबद्दल विचारण्याचे काम आपल्या भागातही झाले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाबरोबर काही जुन्या तलावांमधली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि कोणते मासे परतले याची नोंद ठेवली. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या अंड्यांना आसरा देते, हे ज्ञान कोणत्याही उपग्रहाच्या थरात नव्हते. सारस पक्ष्यांचेही तेच. महाराष्ट्रात ते मुख्यतः गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मोजकेच उरले आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली. सारस धानाच्या बांधीत घरटे करतो. ती जमीन कुणाची तरी खासगी असते. शेतकऱ्याने सांगितल्याशिवाय घरट्याची जागा कुठल्याच पडद्यावर येत नाही.

सिहोऱ्यात हे करायला मोठा खर्च नाही. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायत स्तरावर समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गटांच्या हद्दी महाभूनकाशावर दिसतात, इस्रोचा भुवन नकाशा उघडा आहे, मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात. मे महिन्यात पाणी खाली गेले की बोडीची पाळ, गाळ आणि बेशरम उघडी पडते. तेव्हा मासेमारी करणारा एखादा जाणता माणूस, आशाताई आणि मोबाइल हाताळणारा मुलगा अशा तिघांनी एकेका बोडीभोवती फेरी मारावी. गट क्रमांक, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कोणते मासे निघतात, सांडपाणी येते का, डासांच्या अळ्या दिसतात का, एवढे टिपायचे. हा थर नंतर उपग्रहाच्या नकाशावर ठेवता येतो. तो ग्रामसभेत मंजूर करून ठेवला, तर पुढे कुणी प्राधान्यक्रम ठरवायला बसेल तेव्हा बोडी निदान यादीत असेल. फेरीला पहाटेची वेळ बरी. मे महिन्यात नऊनंतर ऊन सोसत नाही.