हिवाळी गिर्यारोहणाचा कोर्स निवडताना

कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेत, मग स्कॉटलंडमधले केर्नगॉर्म्स हिवाळ्यातही जमतील, असं वाटतंय? आधी एक छोटं गणित करू.

३० अंशांच्या टणक बर्फाळ उतारावर तुमचा पाय घसरला. घर्षण शून्य धरलं, तर त्वरण ९.८ × साइन ३०, म्हणजे ४.९ मीटर प्रति वर्ग सेकंद. दोन सेकंदांत वेग ताशी ३५ किलोमीटर! घर्षणामुळे तो थोडा कमी भरेल, इतकंच. म्हणजे आइस अ‍ॅक्स बर्फात रोवून थांबायचं ते पहिल्या क्षणीच. तेव्हा विचाराला वेळ नसतो. हाताला सवय हवी.

म्हणून कोर्सच्या माहितीत शिखराचे फोटो पाहू नका. घसरून थांबण्याचा सराव किती वेळ आहे, तो पाठीवर आणि डोकं खाली असतानाही करून घेतात का, हे विचारा.

दुसरा प्रश्न हिमस्खलनाचा. बर्फाचे थर बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच सुटतात. उतार मोजायला आणि हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वाचायला शिकवतात ना?

तिसरा, प्रशिक्षकाची पात्रता. ब्रिटनमध्ये 'विंटर माउंटन लीडर' हिवाळी डोंगरभ्रमंतीसाठी पुरेसा. दोर लावून चढाई शिकायची असेल, तर त्याहून वरची पात्रता लागते.

शेवटी विचारा, "हवा बिघडली तर?" "जागा बदलून शिकवू" म्हणाले, तर पैसे भरा. "शिखर नक्की" म्हणाले, तर दुसरा कोर्स शोधा.