घोड्याच्या पायांचे कुरणातील संरक्षण

पुढील पायांच्या गुडघ्याखाली आणि मागील पायांच्या घोट्याखाली घोड्यास जवळजवळ स्नायू नसतात. त्वचा, कंडरा, अस्थिबंध व अस्थी एवढाच तेथील ऐवज. मांसल आधार नाही आणि हालचाल अखंड, यामुळे तेथील जखम सावकाश भरते. पुष्कळदा तीत फाजील कणांकुर वाढून त्वचेच्या कडा जुळू देत नाहीत. १ सेंटिमीटरची जखमही सांध्याच्या पोकळीपर्यंत पोचली असल्यास ती क्षुल्लक राहत नाही.

म्हणून कुरणात सोडलेल्या घोड्याच्या पायांस वेष्टने बांधण्याचा मोह होतो. एका पायाचा खूर दुसऱ्यास लागण्याची खोड असेल तर ती उपयुक्त ठरतात. परंतु दिवसभर ठेवल्यास त्यांखाली उष्णता कोंडते, ओल व वाळू शिरते, आणि रक्षणासाठी घातलेले वेष्टनच त्वचा सोलते.

खरे संरक्षण कुरणाच्या व्यवस्थेत आहे: काटेरी तारेऐवजी लाकडी फळ्यांचे कुंपण, फाटकाजवळील चिखलाचा निचरा, नव्या घोड्यास कळपात सोडण्यापूर्वी मागील पायांचे नाल उतरविणे. मातीतील क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जिवाणूमुळे होणाऱ्या धनुर्वातास घोडा विशेष बळी पडतो. यास्तव लसीकरण आणि पायांची रोजची तपासणी यांस पर्याय नाही.